रविवारी मेस बंद असते म्हणून (मुंबईतली देवळं, दर्गे, विहिरी आणि मी)

परभणीची_पोर
रविवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. (जगात जर्मनी भारतात परभणी हा जोक ज्यांना करायचाय त्यांनी आत्ताच करून घ्या, म्हणजे पुढचं नीट वाचता येईल.)

तर मी एमेस्सीला मुंबईत आलेय, होस्टेल चर्चगेटजवळ. रविवारी संध्याकाळी आमची मेस बंद असते आणि रूममेट डोंबिवलीची, ती शनिवारी दुपारीच घरी पळते. पहिला महिनाभर मी रविवारी मॅगी खाऊन पडायचे आणि आईला फोन करून रडायचे, शेवटी आईच वैतागली, म्हणाली अगं एवढी मुंबईत जाऊन बसलीस तर मुंबादेवीला तरी जाऊन ये, माझ्या नावाने ओटी भर. तिथून हे सुरू झालं. आज अकरावा रविवार. ठरवलंय एवढंच की जमेल तिथवर चालत जायचं आणि रस्त्यात मिळेल ते खायचं.

मुंबादेवीला गेले ती धोबीतलावावरून काळबादेवी रोडने सरळ. ओटीचं सामान घेतलं त्या दुकानातले आजोबा म्हणाले, पूर्वी इथे देवीचा तलाव होता. म्हटलं कुठे? त्यांनी हात नुसता गोल फिरवला, म्हणजे दुकानं, हातगाड्या, सोन्याचांदीचा बाजार, सगळंच. परत येताना डोक्यात तेच, की मघाशी धोबीतलावावरून आले तिथे तरी तलाव कुठे होता? रूमवर येऊन नकाशा उघडला तर सीपी टँक, गोवालिया टँक, दोन टाकी. एकातही पाणी नाही. मी मराठवाड्याची आहे हो, पाण्याचं नाव दिसलं की आमची मान आपोआप वळते. तेव्हापासून खोडच लागलीये, देवळात गेले तरी आधी पाणी कुठेय ते बघते.

सगळ्यात जास्त वेळा गेले बाणगंगेला, चार वेळा. मरीन ड्राईव्हने चौपाटी, मग बाबुलनाथावरून चढ चढून तीन बत्ती आणि तिथून एका गल्लीत खाली उतरायचं. गल्ली संपली की एकदम आपण मुंबईत नसतोच. दीपमाळा, लांबलचक चौकोनी कुंड, चारी बाजूंनी पायऱ्या, मधोमध एक खांब, बदकं, काठाला चिकटून देवळं आणि घरं, कुठल्यातरी घरातून मालिकेचं म्युझिक ऐकू येतं आणि मान वर केली की टॉवर. गोष्ट माहीतच असेल, सीतेला शोधायला निघालेल्या रामाला इथे तहान लागली, कुणी म्हणतं त्याने बाण मारला कुणी म्हणतं लक्ष्मणाने, आणि पाताळातून गंगा वर आली. वाळूचं लिंग केलं म्हणून वालुकेश्वर. कुंड शिलाहारांच्या काळातलं, ११२७ सालचं सांगतात, पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर १७१५ मध्ये रामा कामत या सारस्वत व्यापाऱ्याने पैसे देऊन परत उभं केलं. मला वेड लागतं ते याचं की दोन पावलांवर समुद्र आहे आणि इथलं पाणी गोडं! जिवंत झरा आहे खाली. पितृपक्षात गेले होते तेव्हा पायऱ्यांवर पिंडदानाची ही गर्दी, पाण्यात पिठाचे गोळे, फुलं, आणि पलीकडच्या काठावर एक पोरगं मजेत सूर मारत होतं.

आणि होस्टेलपासून पाच मिनिटांवर, क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहराम विहीर आहे हे मला तीन महिन्यांनी कळलं. १७२५ सालची, पारशी लोकांची. आत फक्त पारशी जाऊ शकतात म्हणून मी बाहेरूनच रंगीत काचा बघितल्या. तिथेही तेच, समुद्र एवढ्याशा अंतरावर आणि विहिरीचं पाणी गोड.

आता विचारायचंय ते विचारते. एक तर पुढे कुठे जाऊ सांगा. आणि दुसरं म्हणजे मी चुकतेय का? मी दर्शनाला जाते असं छातीठोक नाही सांगू शकत. कधी हात जोडले जातात, कधी नाही. एका देवळात (नाव नको) मी रांगेत नव्हते, खांबावरची नक्षी बघत होते, तर एक काका सगळ्यांसमोर ओरडले की दर्शन घ्यायचं असेल तर रांगेत या, बघायला इथे प्रदर्शन नाही लागलेलं. बाहेर आले तर चप्पल पण गेलेली. अनवाणी चर्चगेटपर्यंत आले. तेव्हापासून कुठेही आत शिरताना उगाच चोरासारखं वाटतं.

टवाळ_कार्टं
रविवार, रात्री १०.३०

शनिवारी गेली असती तर साडेसाती तरी गेली असती. रविवारी चप्पल जाणं म्हणजे नुसतं नुकसान.

गिरगाव_चौथा_मजला
रविवार, रात्री ११.०५

परभणीकर पोरी, लिहीत राहा. माझं वय ७१, जन्म गिरगावातला, आणि बाणगंगेला शेवटचा कधी गेलो ते आठवत बसलोय.

मुंबादेवीचं आत्ताचं देऊळ मूळ जागी नाही. ती कोळ्यांची देवी. पहिलं देऊळ आज सीएसएमटी आहे त्या बाजूला, तलावाकाठी. इंग्रजांना किल्ल्याच्या तटापुढे मोकळं मैदान हवं होतं, आडोसा नको, म्हणून अठराव्या शतकात देवीला तिथून उठवली आणि आत्ताच्या जागी आणली. इथेही तलाव होता, तो नंतर भरला. जिच्या नावाने अख्खं शहर तिलाच बिऱ्हाड बदलावं लागलं, तिथे आमची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली तर मी रडून काय उपयोग. (अवांतर झालं, सोडा.)

तलाव का बुजले याचं उत्तर डास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाचा डास विहिरी-तलावांत वाढतो हे पक्कं झाल्यावर म्युन्सिपाल्टीने धडाधड विहिरींवर झाकणं टाकली, तलाव भरले. नळाचं पाणी आलेलंच होतं. आमच्या चाळीतल्या विहिरीच्या लोखंडी झाकणावर आम्ही स्टंप काढून क्रिकेट खेळायचो, बॉल पडला की खालून घुमल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज म्हणजे पाणी आहे हे मला आईने सांगितलं होतं.

आणि तुझ्या खोडीसाठी एक ठिकाण. मुंबादेवीपासून क्रॉफर्ड मार्केटकडे निघालीस की जुम्मा मशीद लागते, १८०२ ला पुरी झालेली. ती अख्खी तलावावर उभी आहे. तळातून दगडी कमानी वर आल्यात, त्यांच्यावर इमारत, आणि मधला हौद तसाच राखलाय. कॉलेजात असताना दोस्ताबरोबर आत गेलो होतो तेव्हा त्यात मासे होते, चांगले हातभर. सगळ्या मुंबईने आपापले तलाव बुजवले आणि त्यांनी पोटात ठेवला.

एक_तिरसट
सोमवार, सकाळी ८.४०

सगळे कौतुक करतायत म्हणून मीच वाईटपणा घेतो. ते काका ओरडले ती पद्धत चूक, मुद्दा बरोबर. देऊळ म्हणजे राणीची बाग नव्हे. लोक पहाटे पाचला नवस फेडायला येतात, कुणाचं पोर हॉस्पिटलात असतं, आणि बाजूला कुणीतरी मान वर करून खांब बघत फिरतंय, मोबाईल काढतंय. श्रद्धा नसेल तर जाऊ नये, असेल तर रांगेत उभं राहावं. हा मधला प्रकार मला झेपत नाही. पाणीबिणी बघायचं तर धरणावर जा.

वरळीचा_नाखवा
सोमवार, सकाळी ९.१५

तिरसट भाऊ सकाळी चहा घेत जा.

पोरी, महालक्ष्मी आणि हाजीअली एकाच दिवशी कर, दोन्ही आमच्या पाण्यातली. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधे पूर्वी खाडीचं तोंड होतं, भरतीचं पाणी थेट आत मुंबईत शिरायचं. हॉर्नबी गव्हर्नरने बांध घालायला घेतला, तो सारखा फुटायचा. मग रामजी शिवजी नावाच्या पाठारे प्रभूच्या स्वप्नात देवी आली, म्हणाली आम्ही समुद्रात पडलोय, बाहेर काढा. जाळ्यात तीन मूर्ती आल्या, महालक्ष्मी, महाकाली, महासरस्वती, आणि मग बांध टिकला. बांध १७८४ च्या सुमाराचा. आत्ताचं देऊळ १८३१ चं, धाकजी दादाजींनी बांधलेलं. मूर्ती ज्यांच्या जाळ्यात आल्या ते कोळीच असणार हे मी आपलं माझ्या मनाने म्हणतो, जाळं आणखी कुणाकडे असतं?

हाजीअलीला जाताना भरती बघून जा. ॲप वगैरे नको, आमच्या बापाने शिकवलेला हिशोब सांगतो. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी आणि रात्री. सहा तास मागेपुढे केले की ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. पुनवेला अमावास्येला उधाण असतं तेव्हा दर्ग्याचा रस्ता पाण्याखाली जातो, पावसाळ्यात तर जाऊच नको. दर्गा १४३१ चा सांगतात. इतकी वर्षं लोक पाण्याला विचारूनच आत जातात.

मीरारोडची_माई
सोमवार, दुपारी १.२०

हाजीअलीला बिनधास्त जा गं. मधे काही वर्षं बायकांना मजारीपर्यंत सोडत नव्हते, २०१६ मध्ये हायकोर्टाने निकाल दिला, आता जाता येतं. डोक्यावर ओढणी घे. आणि माहीमला बुधवारी जाऊन बघ, सेंट मायकल चर्चला नोव्हेनाची, म्हणजे ओळीने नऊ बुधवारच्या प्रार्थनेची, रांग असते त्यात निम्म्या माझ्यासारख्या कुंकूवाल्या बायका. तिथून पुढे मखदूम अली बाबांचा दर्गा. डिसेंबरात उरूस असतो तेव्हा पहिली चादर मुंबई पोलिसांची चढते, बँडबाजा लावून, युनिफॉर्ममध्ये. माझे सासरे पोलिसात होते, त्या दिवशी घरात दिवाळीसारखी गडबड असायची.

शनिवारचा_तेली
सोमवार, रात्री ९.५०

तिरसट यांनी रांगेत उभं राहायला सांगितलं, आमच्याकडे रांगच नसते, माणसं कमी पडतात, आता काय करायचं? सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. कधीकधी नऊ जमतात आणि दहाव्याची वाट बघत बसतो.

मी बेने इस्रायल, म्हणजे इकडचा ज्यू, ठाण्याचा. आमचे पूर्वज अलिबागकडे नौगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले अशी आमची समजूत. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. घरात मराठीच. मस्जिद बंदर स्टेशनवरून उतरून सॅम्युअल स्ट्रीटला ये, तिथे शाअर हारहमीम म्हणजे दयेचं द्वार, १७९६ चं, मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनाघर. बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले. टिपूच्या आईने बनी इस्रायल हे नाव ऐकून त्यांना वाचवलं अशी गोष्ट आम्हाला लहानपणापासून सांगतात. सुटून आले आणि हे बांधलं. आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची, मस्जिद बंदरच्या नावातली मशीद ती हीच असं आमच्यात मानतात. गिरगाव काकांचं यावर वेगळं मत असू शकेल.

काळाघोड्याचं निळं सिनेगॉग तर तुझ्या होस्टेलपासून चालत आहे. ते ससूनांचं, बगदादी ज्यूंचं, १८८४ चं. ओळखपत्र जवळ ठेव, दारात विचारतात. बघायला आले असं सरळ सांग. आम्हाला राग येत नाही, उलट कुणी आलं की दिवे लावायला निमित्त होतं.

टवाळ_कार्टं
सोमवार, रात्री १०.०१

नऊ जण आणि दहाव्याची वाट, आमच्या सोसायटीच्या मीटिंगचा कोरम आठवला. (माफ करा काका, राहवलं नाही.)

शनिवारचा_तेली
सोमवार, रात्री १०.०४

फरक एवढाच की आमच्याकडे नंतर मलिदा मिळतो. पोहे, खोबरं, साखर, फळं. ये.

कातळ
मंगळवार, रात्री १२.४०

धागा आवडला. मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

कान्हेरीला गेली नसशील तर तुझी पाण्याची खोड अजून अर्धीच आहे. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, सोमवारी बंद, गेटपासून आत बस असते. शंभराच्या वर लेणी, साधारण इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं माणसं राहत होती तिथे. सगळे तिसऱ्या लेण्यात जातात, चैत्य म्हणजे प्रार्थनेचं दालन बघतात, व्हरांड्यातल्या उंच बुद्धांसोबत फोटो काढतात आणि परत फिरतात. तू प्रत्येक लेण्याच्या दाराशी बाजूला बघ. जवळपास प्रत्येकाला स्वतःची टाकी आहे, कातळात खोदलेली, आणि वरच्या उतारावरून पन्हळी काढून पावसाचं पाणी त्यात आणलंय. शिलालेखात तिला पोढी म्हणतात. अमक्या गावच्या अमक्या व्यापाऱ्याने लेणं दिलं आणि पोढी दिली, असं लिहिलेलं असतं. देणारे सोपाऱ्याचे, कल्याणचे. म्हणजे घर द्यायचं तर पाण्यासकट द्यायचं, बिल्डर लोकांनी वाचावं.

आणि एक_तिरसट यांच्यासाठी लेणं क्रमांक ९०. तिथे भिंतीवर पहलवी या जुन्या इराणी लिपीत लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये काही पारशी तिथे आले आणि आपली, बापाची, आजाची नावं तारखेसकट कोरून गेले. बौद्ध लेण्यात झरथुष्ट्री माणसं. नवस नाही, दान नाही. आले होते इतकंच लिहिलंय.

एक_तिरसट
मंगळवार, सकाळी ८.३५

आज कुणी भिंतीवर नाव कोरलं तर दंड होतो. हजार वर्षांपूर्वी कोरलं की शिलालेख. वा.

कातळ
मंगळवार, सकाळी ८.५०

हा मुद्दा मान्य.

परभणीची_पोर
रविवार, रात्री ९.२५

धागा वर काढतेय. आज कान्हेरी केली!! पाय गेले कामातून पण भारी भारी भारी. कातळ तुमचं ऐकून दारादारात वाकून बघत होते, सिक्युरिटीवाल्या ताईंनी विचारलं काही हरवलंय का. म्हटलं नाही, पोढी बघतेय, त्यांना काय कळलं देव जाणे. काही टाक्यांत अजून पाणी आहे, गार, हिरवट, आत हात घातला तर आमच्या वाड्यातल्या आडासारखा वास. आमचा आड मी चौथीत असताना आटला, नंतर त्यात केर टाकायला लागले. इथे डोंगराच्या माथ्यावर, नदी नाही काही नाही, नुसत्या पावसावर इतकी माणसं वर्षभर राहिली आणि आमच्याकडे एप्रिलात टँकर. वरच्या बाजूला बसून खूप वेळ पन्हळीच बघत होते, कुठून कुठे उतरतात ते. एक माकड माझे चिप्स घेऊन गेलं तेही कळलं नाही.

९० नंबर शोधून काढलं. लेख वाचता येत नाहीतच पण बोट हवेत धरून ओळीवरून फिरवलं. तिरसट काका, तुम्ही म्हणता ते मी आठवडाभर डोक्यात घोळवलं. रांगेतल्या माणसाला माझ्यामुळे त्रास होत असेल तर ते चूकच, आता गाभाऱ्याजवळ मोबाईल काढत नाही. पण श्रद्धा नसेल तर जाऊच नये हे नाही पटलं. मला माहीतच नसतं आत शिरताना की आहे का नाही.

एक_तिरसट
सोमवार, सकाळी ८.२०

काका नको. चव्वेचाळीस आहे फक्त.

बाकी मोबाईलचं ऐकलंस, बरं वाटलं.

सुकेळी
सोमवार, दुपारी ३.१०

कान्हेरी झाली ना, मग आता ज्यांनी तिथे दानं दिली त्यांच्या गावाला ये. आमच्याकडे, नालासोपाऱ्याला. लोकलमधून उतरताना ढकलाढकलीत कुणाला आठवत नाही की हे शूर्पारक, रोमन जहाजं यायची ते बंदर. खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर मेलं. मी वसईची, सासर निर्मळ. पश्चिमेला उतरून रिक्षाने स्तूपाशी जा, मग चक्रेश्वराचा तलाव बघ, काठावर जुन्या मूर्ती आहेत, आणि तिथून निर्मळला ये. निर्मळलाही तलाव, काठावर शंकराचार्यांची समाधी, कार्तिकात मोठी जत्रा. आम्ही ख्रिस्ती, पण माझी आई दरवर्षी जत्रेला जायची, वर्षाच्या सुपल्या, टोपल्या आणि सुकेळी तिथूनच. सुकेळी म्हणजे पिकलेली केळी सोलून उन्हात सुकवलेली, खाऊन बघ मग अंजीर विसरशील.

कातळ
सोमवार, रात्री ११.३०

सुकेळी ताईंनी सुपल्या म्हटलं म्हणून आठवलं. शूर्प म्हणजे सूप. तो स्तूप गावकऱ्यांना नुसती टेकडी म्हणून माहीत होता आणि नाव काय होतं, तर बुरूड राजाचा कोट. बुरूड म्हणजे सुपं-टोपल्या विणणारे. सोपारा, शूर्पारक, सूप, बुरूड.

१८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. मधोमध दगडी पेटी, तिच्यात डब्यात डबा डब्यात डबा, तांबं, चांदी, दगड, स्फटिक, सोनं, आणि सगळ्यात आत काय तर मातीच्या भांड्याच्या खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राच्या मानल्या जातात. भोवती आठ छोट्या ब्राँझच्या मूर्ती. त्या वस्तू मुंबईतच, एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. त्याच साली त्यांना सोपाऱ्यात एक फुटका दगड मिळाला, त्यावर अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा. भगवानलाल जुनागढचे, हाच लेख पूर्ण स्वरूपात त्यांच्या गावच्या गिरनारच्या खडकावर आहे, तो बघतच मोठे झाले होते, त्यामुळे तुकड्यावरूनही ओळखता आला असणार. पुढे १९५६ ला जवळच भुईगावला नवव्याचा तुकडा मिळाला. आता आठव्यात काय लिहिलंय ते बघा. पूर्वी राजे विहारयात्रेला जायचे, म्हणजे शिकार आणि मौजमजा. अभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर हा राजा संबोधीला, म्हणजे बोधगयेला जाऊन आला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. आणि धम्मयात्रेत करायचं काय याची यादी दिलीये. श्रमण-ब्राह्मणांचं दर्शन आणि दान, म्हाताऱ्यांचं दर्शन, आणि खेडोपाडीच्या माणसांचं दर्शन. मूर्तीचं नाव नाही, रांगेचं तर नाहीच नाही. दर्शन हाच शब्द आहे आणि तो माणसांना लावलाय.

तो दगड काळाघोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. होस्टेलपासून पंधरा मिनिटं.

गिरगाव_चौथा_मजला
मंगळवार, सकाळी ६.१५

म्हाताऱ्यांचं दर्शन. कातळराव, हा शिलालेख माझ्या मुलाला पाठवतो.

परभणीची_पोर
रविवार, रात्री १०.४०

सोपारा झाला. खरं सांगू तर स्तूप बघून पहिल्यांदा वाटलं एवढंच? विटांचा बसका ढीग, कुंपण, झाडं, शेजारी क्रिकेट. मी डब्यात डबा डब्यात डबा असं मनात धरून गेले होते. मग एक ग्रूप आला, पांढऱ्या साड्या, पाचसहा बायका आणि दोन म्हातारे, त्यांनी मेणबत्त्या लावल्या, वंदना म्हटली. मी लांब उभी. संपल्यावर त्यातल्या एका मावशींनी विचारलं कुठली गं तू? म्हटलं परभणी. त्या म्हणाल्या अगं मग, आम्ही जिंतूरचे! दुष्काळात आले होते इकडे, मिस्त्रीकाम करायचे त्यांचे मिस्टर, आता तीस वर्षं झाली. सावलीत बसवलं आणि डबा उघडला, ज्वारीची भाकरी, ठेचा, आणि शेंगदाण्याची चटणी आमच्याकडे करतात तश्शी, जाडसर. मुंबईत आल्यापासून पहिली भाकरी. चक्रेश्वराला पोचेस्तोवर चार वाजले आणि निर्मळ राहिलंच, सुकेळी ताई सॉरी. एकही फोटो काढला नाही हे ट्रेनमध्ये लक्षात आलं.

काल संग्रहालयात पण जाऊन आले. दगड सापडला. अक्षरं अगदी काड्यांसारखी, एक क्रॉस ओळखू आला. वाटलं पेशंटली बघितलं तर बाकीचीही कळतील, नाही कळली.

कातळ
रविवार, रात्री १०.५५

तो क्रॉस म्हणजे ब्राह्मी लिपीतला क. सुरुवात झाली.

एक_तिरसट
सोमवार, सकाळी ८.३०

कातळ, हा दगड नेमका कुठे ठेवलाय? मुलीला शनिवारी घेऊन जायचं म्हणतोय. तिला फक्त ममी बघायची असते.

सुकेळी
सोमवार, सकाळी १०.००

निर्मळ राहिलं ते राहू दे, जत्रेला ये. मिस्टर शुक्रवारी चर्चगेटला येतात कामाला, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, अर्धा किलो सुकेळी पाठवते. आणि त्या जिंतूरच्या मावशींचा नंबर घेतलास का?

परभणीची_पोर
सोमवार, सकाळी १०.१५

घेतला!! आईने कालच त्यांना फोन पण केला, पाऊण तास बोलल्या.

वरळीचा_नाखवा
शुक्रवार, सकाळी ७.४०

पोरी, परवा रविवारी षष्ठी आहे. सहा पाऊणे साडेचार. भरती साडेचारला, म्हणजे साडेदहाला पूर्ण ओहोटी. हाजीअलीला सकाळीच जा, संध्याकाळची वाट बघू नको.

परभणीची_पोर
शुक्रवार, सकाळी ८.०२

सकाळी मेस चालू असते हो काका, रविवारी पोहे असतात. खाऊन निघते.